पंडिता रमाबाई : धर्मांतर आणि भाकरी

नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबाला चाळीत, कारखान्यात, लोकलच्या डब्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. धर्म बदलून तुम्हाला काय मिळाले? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच तयार असते. सवलत मिळाली असेल, पैसे मिळाले असतील, नाहीतर कुणीतरी फूस लावली असेल. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, डोंबिवली या पट्ट्यातील आपल्या उपासक-उपासिकांना हा अनुभव नवा नाही. माणूस वाचून, पारखून, स्वतःच्या बुद्धीने धर्म बदलू शकतो ही गोष्ट लोकांना पटतच नाही. त्यातून धर्म बदलणारा गरीब असला, किंवा बाई असली, तर मुळीच पटत नाही.

हाच प्रश्न सुमारे १४० वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या एका बाईला विचारला गेला होता. ती गरीब जातीची नव्हती. चित्पावन ब्राह्मणाची मुलगी, संस्कृतची पंडित, कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला सरस्वती ही पदवी दिली अशी ती बाई होती. पंडिता रमाबाई हे तिचे नाव. रमाबाई ख्रिस्ती झाल्या. त्यांची वाट आपली नव्हे. त्यांचा देव आपण मानत नाही आणि आपल्याला तो मानण्याचे कारणही नाही. तरीसुद्धा धम्माच्या पाक्षिकात त्यांचे चरित्र यावे असे मला वाटते, कारण श्रद्धा आणि भाकरी यांचा संबंध काय, हा आपल्यालाही पडलेला प्रश्न त्या बाईने आयुष्यभर हाताळला. काही ठिकाणी तो त्यांना सुटला, काही ठिकाणी सुटला नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकात, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील गंगामूळच्या जंगलात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे जुन्या वळणाचे शास्त्री. पण एका बाबतीत ते जुने नव्हते. पुण्यात शिकत असताना आपले गुरू पेशव्यांच्या वाड्यातील एका स्त्रीला संस्कृत शिकवतात हे त्यांनी पाहिले होते, आणि आपल्या बायकोलाही शिकवायचे असे त्यांनी ठरवले. बायकोला वेदभाषा शिकवतो म्हणून पंडितांनी त्यांना जाब विचारला. शास्त्र्यांनी शास्त्राधारेच उत्तर दिले, पण गावात राहणे नको म्हणून ते जंगलात जाऊन राहिले. तिथे आई लक्ष्मीबाई शिकल्या आणि पुढे त्यांनीच रमाबाईंना शिकवले. मूल सहा महिन्यांचे असताना कुटुंबाने ते घरही सोडले. रमाबाईंना वेताच्या पेटाऱ्यात घालून डोंगराखाली आणले गेले आणि मग वर्षानुवर्षे एकच क्रम चालला. या तीर्थाहून त्या तीर्थाला जायचे, देवळात किंवा नदीकाठी पुराण सांगायचे, लोक जे देतील त्यावर जगायचे, आणि उरेल ते पुण्य मिळावे म्हणून ब्राह्मणांना दान करून टाकायचे.

पुढे दुष्काळ आला. मद्रास इलाख्यात माणसे किड्यामुंगीसारखी मरू लागली. पुराण ऐकायला कोण येणार आणि दक्षिणा कोण देणार? डोंगरे कुटुंबाची भांडी गेली, दागिने गेले. जवळचे सगळे संपेपर्यंत देवाला नवस आणि ब्राह्मणांना दान चालूच होते. शेवटी झाडाचा पाला आणि रानातली फळे खाण्याची पाळी आली. आता वाचकांनी एका गोष्टीकडे नीट लक्ष द्यावे. हे कुटुंब धडधाकट होते, विद्वान होते, पण मोलमजुरी कशी करतात हे त्यांना माहीत नव्हते आणि जातीचा अभिमान ती करूही देत नव्हता. भीक मागण्याची लाज, खोदकाम करण्याची लाज. वडील गेले, थोड्याच काळात आई गेली, मग थोरली बहीण गेली. रमाबाईंनी उतारवयात स्वतःच हे सारे आडपडदा न ठेवता लिहून ठेवले आहे. आई वारली तेव्हा तिरडीला खांदा द्यायला माणसे मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण आले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. त्यांची उंची इतकी कमी होती की तिरडी खांद्यावर येईना, म्हणून त्यांनी ती डोक्यावर घेतली. तेव्हा त्या जेमतेम सोळा-सतरा वर्षांच्या होत्या.

बहीणभाऊ उरले. हजारो मैल पायपीट करीत ती दोघे १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथे एक अविवाहित तरुण मुलगी अस्खलित संस्कृत बोलते हे पाहून विद्वानांची सभा भरली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या मिळाल्या. बायकांपुढे स्त्रीधर्मावर व्याख्याने द्यावीत अशी विनंती झाली. व्याख्यान द्यायचे तर धर्मशास्त्र वाचायला हवे, म्हणून रमाबाईंनी मनुस्मृती आणि इतर ग्रंथ काढून वाचले. केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदही वाचायला दिले. वाचून त्यांना काय आढळले? शास्त्रकारांची एकमेकांत हजार भांडणे, पण एका बाबतीत सर्वांचे एकमत. स्त्री ही स्वभावतःच वाईट, आणि तिला स्वतःची मुक्ती नाही. नवरा हाच तिचा देव. वेदाचा अधिकार स्त्रीला नाही, शूद्राला नाही. त्याखालच्या माणसांचा तर हिशेबच नाही.

ज्यांनी २५ डिसेंबर १९२७ चे महाड ऐकले-वाचले आहे त्यांना हे नवीन वाटणार नाही. मनुस्मृतीत काय आहे हे परमपूज्य बाबासाहेबांनी आधी वाचले आणि मगच तिला अग्नी दिला. त्या ग्रंथाच्या मालकीणपणाचा वारसा जिच्या घरात होता, अशी एक ब्राह्मण मुलगी त्याआधी जवळजवळ ५० वर्षे तोच ग्रंथ वाचून मनाने त्यातून बाहेर पडली होती, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी.

१८८० मध्ये भाऊ श्रीनिवासही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. ब्राह्मणांच्या हिशेबाने ते शूद्र. लग्न नोंदणी पद्धतीने झाले, कारण दोघांचाही त्या वेळी कोणत्याच धर्मावर विश्वास उरला नव्हता. आसामात सिल्चरला संसार थाटला, मनोरमा ही मुलगी झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने नवरा गेला. वय वर्षे तेवीस, कडेवर मूल, आणि कपाळी वैधव्य.

त्या महाराष्ट्रात परत आल्या. पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन मुलींच्या शाळांना बायकाच शिक्षक हव्यात, बायकांसाठी बायकाच डॉक्टर हव्यात अशी मागणी केली. हे सारे एकट्या १८८२ सालातले. स्वतः डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती. म्हणून १८८३ मध्ये त्या लहानग्या मनोरमेला घेऊन विलायतेला निघाल्या. धर्मांतराची किंमत मोजणारे लोक इथे हिशेब चुकवतात, म्हणून स्पष्ट सांगतो. प्रवासाचा खर्च त्यांनी मिशनकडून घेतला नाही. स्त्रीधर्मनीतीच्या विक्रीतून तो उभा केला. वाँटेज येथील ज्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या, तिथेही फुकट राहिल्या नाहीत. हिंदुस्थानात कामाला येणाऱ्या भगिनींना मराठी शिकवून त्यांनी आपल्या राहण्याची भरपाई केली. बहिरेपण वाढत गेल्यामुळे डॉक्टरकीचे शिक्षण मात्र स्वप्नच राहिले.

मग त्यांना ख्रिस्ती धर्मात दिसले तरी काय? लंडनच्या फुलहॅम भागात या भगिनी एक आश्रम चालवीत. समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या बायकांना तिथे आसरा, काम आणि माणूस म्हणून वागणूक मिळत होती. आपल्या शास्त्राने अशा स्त्रीला काय शिक्षा सांगितली आहे हे रमाबाईंना तोंडपाठ होते. इथे उलट प्रकार दिसला. त्यांनी कारण विचारले तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, हलक्या मानलेल्या जमातीची, पाच नवरे झालेली ती बाई. यहुदी माणूस तिच्या हातचे पाणी पिणार नाही, पण येशूने तिच्याकडे पाणी मागितले. पाणी मागण्याची ही गोष्ट आपल्या वाचकांना वेगळी समजावून सांगायला नको. भदंत आनंद आणि चांडालकन्या प्रकृती यांची कथा विहारात सर्वांनी ऐकली आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

इकडे पुण्यात गदारोळ उठला. ज्यांनी त्यांच्या विद्वत्तेचा गौरव केला होता त्यांनाच आता ती विद्वत्ता कच्ची वाटू लागली. अशा वेळी त्यांच्या बाजूने जाहीरपणे उभा राहिला तो एक माळी. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये सत्सार नावाची पुस्तिका काढली आणि तीत रमाबाईंच्या धर्मांतराचा कैवार घेतला. शास्त्रे स्वतः वाचता आल्यामुळेच या बाईला त्यांतला पक्षपात कळला आणि म्हणून तिने तो धर्म सोडला, असा जोतीरावांचा रोख होता. जोतीराव स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत. पण दुसऱ्याने विचारपूर्वक धर्म सोडला तर तो त्याचा हक्क आहे, हे त्यांनी मानले. बाबासाहेबांनी ज्यांना गुरुस्थानी मानले त्या फुल्यांचा हा पाठिंबा आपल्या लोकांना फारसा माहीत नाही.

रमाबाई चर्चमध्ये गेल्या खऱ्या, पण डोके बाहेर ठेवून गेल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकत आणि संस्कृत शिकवीत. तिथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा बिशपांनी मोडता घातला. परदेशी नवख्रिस्ती बाईने पुरुषांना शिकवले तर हिंदुस्थानात काय म्हणतील, असा त्यांचा विचार. रमाबाईंनी ते निमूटपणे मान्य केले नाही. बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याचा सिद्धांत त्यांना पटेना, तर त्यांनी तसे लिहून कळवले. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असतात, मग संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. त्यांनी मांसाहार स्वीकारला नाही, तेही मठातल्या भगिनींना खुपत होते. एका धर्मगुरूंच्या तावडीतून सुटून दुसऱ्या धर्मगुरूंच्या तावडीत सापडायला आपण आलो नाही, असे त्यांच्या त्या काळच्या वागण्यातून दिसते. आपल्या वाचकांपैकी काहींना वाटते की दीक्षा घेतली की विचार करण्याचे काम संपले. भगवान बुद्धांनी कालामांना काय सांगितले ते अशांनी पुन्हा वाचावे.

आता कल्याणची एक हकीकत. कल्याणच्या जोशी घराण्यातील मुलगी आनंदीबाई, गोपाळराव जोशी या पोस्टातल्या नोकराची बायको. बायकोला शिकवायला अमेरिकेला पाठवावे म्हणून गोपाळरावांनी एका मिशनऱ्यामार्फत मदत मागितली. मदत होऊ शकेल, पण ख्रिस्ती व्हावे लागेल, असा त्यावर मिशनऱ्यांचा सूर होता. जोशी पतिपत्नींनी ते नाकारले. तो पत्रव्यवहार अमेरिकेत छापून आला, तो कार्पेंटरबाई नावाच्या एका सद्गृहिणीच्या वाचनात आला, आणि त्या ख्रिस्ती बाईने धर्माची अट न घालता आनंदीबाईंना घरी ठेवून घेतले. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या. दोघी दूरच्या नात्यातल्या. एक धर्म न बदलता शिकली, दुसरी धर्म बदलून उभी. त्या मांडवात दोघी शेजारी होत्या. पुढल्याच वर्षी, १८८७ च्या फेब्रुवारीत, आनंदीबाई क्षयाने पुण्यात वारल्या. कल्याणच्या स्टेशनातून रोज येणाऱ्या-जाणाऱ्या आपल्या मुलींना त्यांचे नाव तरी माहीत असावे.

भाकरीच्या बदल्यात धर्म ही अट कशी अपमानकारक असते हे या हकीकतीत दिसते. ही गोष्ट मनात ठेवून पुढचे वाचावे, कारण पुढे हाच प्रश्न रमाबाईंकडे वळणार आहे.

अमेरिकेत रमाबाई दोन वर्षांहून अधिक राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी १८८७ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले. बॉस्टनला त्यांच्या नावाची संस्था निघाली आणि तिने दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले. त्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. बालविधवांना राहण्याची, शिकण्याची, आपल्या पायावर उभे राहण्याची ती जागा होती. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये ज्यांच्याशी पुनर्विवाह केला त्या गोदूबाई याच सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. सदनात धर्मशिक्षण नव्हते. मुलींना आपले सोवळेओवळे पाळण्याची मोकळीक होती.

माझ्यासारख्याला इथे थोडे थांबावेसे वाटते. सदन होते ते वरच्या जातींच्या विधवांसाठी. पुस्तक लिहिले तेही वरच्या जातीच्या स्त्रीबद्दल. ख्रिस्ती होऊन सहा वर्षे झाली तरी महारवाड्यातली, मांगवाड्यातली बाई त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती, किंवा असलीच तर तिच्यासाठी जागा नव्हती. सावित्रीबाई आणि जोतीराव यांनी त्याच पुण्यात १८४८ पासून खालच्या थरातून सुरुवात केली होती. हा फरक सांगितलाच पाहिजे.

आणि ज्यांच्यासाठी हे केले त्यांच्या समाजाने तरी काय केले? रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत, काही मुली आपण होऊन येऊन बसत. एवढ्यावरून केसरीने झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही १८९३ मध्ये बाजूला झाले. पालकांनी वीसपंचवीस मुली काढून नेल्या. त्यांतल्या कित्येकींच्या वाट्याला पुन्हा तेच कोपऱ्यातले जिणे आले असेल, याची चिंता कुणी केलेली दिसत नाही.

रमाबाईंचे काम बदलले ते दुष्काळाने. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आपण स्वतः ज्यातून वाचलो तेच पुन्हा घडत आहे हे पाहून रमाबाई तिकडे धावल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. त्यांत सर्व जातींच्या होत्या. पुण्यात प्लेग, शहरात त्यांना ठेवायची परवानगी मिळेना. पुणे-दौंड रस्त्यावर केडगावला सदनाच्या खर्चासाठी शंभरएक एकर जमीन घेतलेली होती, तिथे तंबूत आणि झोपड्यांत या मुलींना ठेवले. त्यातून मुक्ती सदन उभे राहिले. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तिकडूनही शेकडो आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

प्लेगच्या वर्षातली आणखी एक गोष्ट. १८९७ मध्ये पुण्याच्या सरकारी प्लेग इस्पितळात बायकांचे जे हाल होत होते त्याविरुद्ध रमाबाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहिले. त्याची चर्चा विलायतच्या पार्लमेंटपर्यंत गेली. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारले. ख्रिस्ती झालेली बाई ख्रिस्ती सरकारविरुद्ध बोलते हे पुष्कळांना रुचले नाही. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता माता सावित्रीबाई फुले यांना मरण आले होते. एका शहरातल्या या दोन बायका.

मुक्तीतली व्यवस्था पाहण्यासारखी होती. शेती होती, दूधदुभते होते, तेलाचा घाणा होता, हातमाग होते, विहिरी खणल्या होत्या, शाळा होती, छापखाना होता. आंधळ्या मुलींना ब्रेल लिपी शिकवण्याची सोय होती, आणि फुलहॅमला पाहिले होते तसे कृपा सदन समाजाने टाकलेल्या बायकांसाठी होते. प्रत्येकीला काही ना काही हातकाम शिकावेच लागे. मला या चरित्रातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. कुदळ हाती धरायची लाज वाटली म्हणून ज्या घरातली तीन माणसे भुकेने मेली, त्या घरातल्या मुलीने दोन हजार बायकांना कुदळ, माग आणि छापखान्याचे खिळे हाती धरायला शिकवले. जातीने श्रमाला जो कमीपणा चिकटवला होता तो त्या बाईने स्वतःच्या घरापासून धुऊन काढला. श्रम तर आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. पण त्यांच्या श्रमाला मोल नव्हते आणि श्रमिकाला अक्षर नव्हते. मुक्तीत कामाबरोबर अक्षर होते.

आता तो अवघड प्रश्न. दुष्काळातून आणलेल्या मुली पुढे ख्रिस्ती झाल्या. त्यांनी ते स्वखुशीने केले काय? जिला आईबाप नाहीत, जिच्या पोटात चार दिवस अन्न नाही, तिला जिने जेवू घातले तिचा धर्म ती घेणार नाही तर काय करणार? रमाबाईंवर जबरदस्तीचा आरोप करणारे लोक स्वतः एका मुलीलाही जेवू घालायला गेले नव्हते, म्हणून त्यांचा आरोप मी मनावर घेत नाही. पण प्रश्न त्यामुळे संपत नाही. रमाबाईंनी स्वतः शास्त्र वाचून, वाद घालून, बिशपांशी भांडून जो धर्म घेतला, तो त्यांच्या आश्रमातल्या मुलींना तयार ताटासारखा मिळाला. १९०५ मध्ये मुक्तीत प्रार्थनेची मोठी लाट आली, मुली तासन्‌तास रडत, ओरडत प्रार्थना करीत. रमाबाईंना त्यात देवाचा हात दिसला. धम्माच्या दृष्टीने पाहणाऱ्याला तो बुद्धीचा मार्ग वाटणार नाही.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचा विचार केला नव्हता असे नाही. १३ ऑक्टोबर १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर अनेक धर्मांचे लोक त्यांच्याकडे आले, त्यांत मिशनरीही होते. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, हे त्यांनी मान्य केले. पण त्या शाळा-दवाखान्यांचा फायदा मुख्यतः वरच्या जातींनी उचलला, चर्चमध्ये जात तशीच राहिली, आणि ख्रिस्ती झालेला अस्पृश्य आपल्या हक्कांसाठी लढायला उभा राहिला नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. नगर आणि जालना भागात आपल्याच नात्यागोत्यातले लोक ख्रिस्ती झाले, त्यांचा अनुभव बाबासाहेबांसमोर होता. म्हणून त्यांनी घाई केली नाही. येवल्यापासून नागपूरच्या १४ ऑक्टोबर १९५६ पर्यंत २१ वर्षे अभ्यास केला. १९३६ च्या मे महिन्यात मुंबईच्या परिषदेत त्यांनी जे भाषण केले ते मुक्ती कोन पथे या नावाने प्रसिद्ध आहे. मुक्ती हा शब्द केडगावच्या फाटकावरही होता. केडगावला ती एका बाईच्या करुणेतून मिळत होती. नागपूरला लाखो लोक एकाच वेळी स्वतःच्या पायांनी चालत तिच्याकडे गेले आणि २२ प्रतिज्ञा स्वतःच्या तोंडाने म्हणाले.

पैशासाठी धर्म बदलला म्हणणाऱ्यांना एक हिशेब सांगावा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या गेल्या. १९५६ मध्ये शिखांना त्या मिळाल्या. बौद्धांना केंद्राने त्या दिल्या १९९० मध्ये. म्हणजे नागपूरला दीक्षा घेणाऱ्यांनी मिळत असलेले सोडले आणि ३४ वर्षे त्यावाचून काढली. रमाबाईंनीही गमावलेच. मान गेला, माणसे गेली, सदनातल्या मुली गेल्या, पुण्यातला आधार गेला.

शेवटची वर्षे रमाबाईंनी एका कामाला वाहिली. बायबलचे जे मराठी भाषांतर तेव्हा होते ते खेड्यातल्या बाईला कळत नाही, संस्कृत शब्दांनी जड झाले आहे, असे त्यांना वाटले. संस्कृत ज्यांची मातृभाषेसारखी होती त्यांनीच संस्कृत शब्द काढायला घेतले. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मुळातून भाषांतर केले. खिळे जुळवणे, छापणे, बांधणे हे सारे मुक्तीतल्या बायकांनी केले. आपल्या विहारांत पाली गाथा पाठ होतात, अर्थ मात्र पुष्कळांना येत नाही. घरातल्या म्हातारीला समजेल अशा मराठीत त्या सांगण्याचे काम आपल्यातल्या शिकलेल्या मुलामुलींनी अंगावर घ्यायला हरकत नाही.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. मुक्तीचा कारभार तिच्यावरच सोपवायचा होता. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही केडगावलाच देह ठेवला. भाषांतर पूर्ण झाले होते, पुस्तक १९२४ मध्ये बाहेर पडले. कल्याणहून पुण्यामार्गे दौंडकडे जाणाऱ्या गाडीच्या वाटेवर केडगाव हे लहानसे स्टेशन लागते. मुक्ती मिशन तिथे आजही चालू आहे, आणि निराधार मुलींना तिथे आजही जागा मिळते.